समोरच्यांची पणजी

पूर्वजांचा अभिमान मिरवणाऱ्या माणसांची मला किळस येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून गोडव्याची अपेक्षा करणार नाही. यात माझं सासरही आलं. पुण्याचे एक चुलतदीर गेली सहा वर्षं आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढताहेत. त्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फॉर्ममध्ये पुरुषाला अख्खं पान आहे आणि बायकोला अर्धी ओळ. ज्याच्या दोन बायका झाल्या त्याच्या नावाखाली 'प्र.' आणि 'द्वि.', म्हणजे प्रथम आणि द्वितीय. पहिलीचं काय झालं ते कुणाला ठाऊक नाही आणि विचारायची गरजही कुणाला वाटली नाही. आमचे हे मात्र तो फॉर्म हातात घेऊन, मूळ पुरुष पेशव्यांकडे नोकरीला होता असं चहा पिता पिता सांगतात. होता असेल. घोड्यांना चारा घालायला.

मी नागपूरला बारा वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. कॅनडात आल्यावर त्या बारा वर्षांचा उपयोग शून्य. बऱ्याच वर्षांनी व्हिटबीच्या आमच्या घरापासून थोड्या अंतरावरच्या एका लायब्ररीत, स्थानिक इतिहासाच्या खोलीत, आठवड्याचे तीन दिवस काम मिळालं. मोडी वाचायची सवय असल्यामुळे जुनी इंग्रजी अक्षरं मला पटापट लागतात, एवढंच माझं भांडवल. त्या खोलीत येणारे बहुतेक लोक निवृत्त. सगळ्यांना आपला पूर्वज शूर, नाहीतर किमान खानदानी हवा असतो. जहाजातून पळालेला, दारू पिऊन खड्ड्यात पडून मेलेला असा निघाला की त्यांचे चेहरे पडतात आणि ते म्हणतात, हा दुसराच कोणीतरी असणार, तुम्ही पुन्हा बघा.

आमच्या समोरच्या घरात एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. पंचाहत्तरीचे, ताठ, अजूनही रस्त्यावरच्या मुलांना रांगेत उभं केल्यासारखे बोलणारे. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होते, तेव्हा ते स्वतःचं फावडं टेकवून माझ्याकडे आले.

"तुम्ही लायब्ररीत जुने कागद वाचता म्हणे?"

"वाचते."

"मग तुम्हाला माझ्या पणजीला भेटायला हवं," ते म्हणाले.

पणजी त्यांच्या दिवाणखान्यात, फायरप्लेसच्या वर, सोनेरी चौकटीत होती. गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा झगा, मांडीवर बायबल, आणि ओठ असे मिटलेले की बरणीचं झाकणही इतकं घट्ट बसत नाही. फोटोच्या मागे अमेरिकेतल्या एका प्रेअरीवरच्या गावातल्या स्टुडिओचा शिक्का होता. मुख्याध्यापकांनी मला तिची कथा उभ्याने सांगितली. एकोणिसाव्या शतकात ही बाई नवरा आणि पाच मुलं घेऊन छपराच्या बैलगाडीतून त्या ओसाड मुलखात गेली. पहिल्याच हिवाळ्यात नवरा हिमवादळात गोठून मेला. जमीन दगडासारखी, खणता येईना, म्हणून तिने त्याला वसंतापर्यंत बर्फात ठेवलं. लांडगा आला तो तिने दारातच गोळी घालून पाडला. पाच पोरं एकटीने वाढवली, जमीन नावावर करून घेतली, आणि शेवटी टोळधाडीने पीक गेल्यावर धाकट्याला मांडीवर घेऊन आगगाडीने कॅनडात आली. तो धाकटा म्हणजे मुख्याध्यापकांचे आजोबा.

"ओसाड म्हणजे तिथे कोणीच राहत नव्हतं?" मी विचारलं.

"तसं कोणी नाही," ते म्हणाले. "इंडियन्स होते. म्हणजे तुमचे नव्हेत." आणि स्वतःच हसले.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांच्या कुळाचं मोठं संमेलन भरायचं होतं. त्यासाठी पुस्तक छापायचं होतं आणि पुस्तकासाठी पुरावे हवे होते. "तुम्हा लोकांना बारीकसारीक कामं चांगली जमतात," असं म्हणून त्यांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. मी हो का म्हटलं, ते खरं सांगते. मला ही पणजी खोटी पाडायची होती.

फार वेळ लागला नाही. सरकारी जमिनीवर पाच वर्षं राहून, घर बांधून, शेत नांगरून ती नावावर करून घ्यायची असा तिकडे कायदा होता. त्या प्रत्येक अर्जाची फाइल अजून अमेरिकेत जपलेली आहे. मी नक्कल मागवली. सात आठवड्यांनी ती आली. अर्जावर बाईची सही नव्हती, फुली होती. तिला लिहिता येत नव्हतं. मग मांडीवरचं ते बायबल कशाला, असा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण मी नवऱ्याच्या मागे लागले होते. तो मेल्याचं दोन शेजाऱ्यांनी शपथेवर सांगितलं होतं. एक म्हणत होता हिमवादळात मेला, दुसरा म्हणत होता तापाने.

नवरा मेलाच नव्हता. जनगणनेत तो मला दोनशे मैलांवरच्या एका गावात सापडला. तेच नाव, तेच वय, तोच जन्मप्रांत, धंदा न्हाव्याचा. घरात बायको होती, दुसरी. मुलगा दोन वर्षांचा. म्हणजे इकडे ही विधवा म्हणून जमीन मागत होती आणि तिकडे तो लोकांच्या दाढ्या करत होता.

त्या दिवशी मी फार खूश होते. संध्याकाळी पोळ्या लाटताना मी आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. "नवऱ्याने टाकलेली बाई. आणि कथा काय, तर बर्फात प्रेत जपलं! शपथेवर खोटं बोलली, शेजाऱ्यांनाही बोलायला लावलं."

"मग काय करायचं होतं तिने?" हे म्हणाले. "टाकलेली म्हणून अर्ज केला असता तर आधी ते सिद्ध करत बसावं लागलं असतं. विधवेला कोणी काही विचारत नाही."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला राग आला.

मग मी मुलांच्या मागे लागले. पाच पोरं एकटीने वाढवली म्हणे. त्याच जनगणनेत तिच्या घरात ती स्वतः आणि दोन मुली, एवढेच. उरलेली तीन कुठे? परगण्याच्या दप्तरात करारनामे होते. मोठा मुलगा लोहाराकडे, मधली मुलगी एका दुकानदाराच्या घरी, आणि सगळ्यात धाकटा, सहा वर्षांचा, एका शेतकरी जोडप्याकडे. एकवीस वर्षांचा होईपर्यंत काम करायचं, बदल्यात अन्न, कपडे आणि हिवाळ्यात तीन महिने शाळा. तिन्ही करारांखाली तीच फुली.

मुख्याध्यापक ज्याचे वंशज, तो हा धाकटा. म्हणजे ज्या बाईची तसबीर लावून ही माणसं माना वर करतात, तिने यांच्याच आजोबाला सहाव्या वर्षी दुसऱ्याच्या दारात सोडलं होतं. ती स्वतः कॅनडात कधी आलीच नव्हती. त्याच मुलखात मेली, त्याच जमिनीवर. मला तिचा तिटकारा आला. जमीन ठेवली आणि पोरं वाटून टाकली, असं मी रोज कुणाला ना कुणाला सांगत होते. लायब्ररीतल्या सहकारी बाईला, भाजीच्या दुकानात भेटलेल्या मराठी मैत्रिणीला, घरी ह्यांना.

एकदा हे टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, "आपणही पोरीला दोन वर्षं नागपूरला ठेवलीच होती की."

"ती माझ्या आईजवळ होती. मेजवान्या झोडत होती."

"मी कुठे काय म्हटलं?"

त्यानंतर आम्ही दोन दिवस कामापुरतंच बोललो. आम्ही आधी दोघंच आलो होतो. कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये राहायचं, नोकरीचा पत्ता नाही, पाच वर्षांच्या मुलीला घेऊन कुठे फिरायचं, असा विचार केला होता. मुलगी आता वॉटर्लूला असते, सॉफ्टवेअरमध्ये. रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुला ती दोन वर्षं आठवतात का गं?

"काइंड ऑफ," ती म्हणाली. "तू फोनवर नेहमी विचारायचीस, जेवलीस का? आय यूज्ड टु थिंक, माझ्या आईला फक्त हेच माहीत आहे."

"आणि?"

"आणि काही नाही, आई. इट वॉज फाइन. आता का विचारतेयस?"

मी विषय बदलला. तिच्या विंटर टायर्सची चौकशी केली.

शेतकरी जोडप्याचा माग काढणं एवढंच उरलं होतं. ते मुळात ओंटारिओचे, म्हणजे आमच्याच प्रांतातले होते. टोळांनी दोन वर्षं सगळं पीक खाल्ल्यावर ते कंटाळून परत इकडे आले, आणि फुकटचा गडी कोण सोडतो, म्हणून पोरालाही घेऊन आले. त्यांचं आडनाव मी आमच्या लायब्ररीच्या यादीत शोधलं आणि थक्क झाले. त्या घराण्याच्या कागदांचा खोका आमच्याच तळघरात होता. कुणीतरी माळा साफ करताना दान केलेला, चिकटपट्टीने बंद, कधीच न उघडलेला. आमच्याकडे असे पन्नास खोके आहेत.

खोक्यात चर्चच्या पावत्या होत्या, बियाण्यांची पत्रकं होती, आणि एक फोटो. काळा झगा, गळ्यापर्यंत बटणं, मांडीवर बायबल. मागे तोच स्टुडिओ आणि शाईने लिहिलेलं शेतकरणीचं नाव. मी मुख्याध्यापकांच्या तसबिरीचा फोनवरचा फोटो शेजारी धरला. एकाच बाईच्या, एकाच फोटोच्या दोन प्रती. पोराच्या पेटीत मालकिणीचा फोटो राहिला, आणि नातवंडांनी मागचा अमेरिकेचा शिक्का बघून तिला आई करून टाकलं.

फोटोखाली एक पत्र होतं, चार घड्या केलेलं. लिहिणारा दुसराच कोणी, बहुधा दुकानदार, पण खाली ती फुली. आता मी ती फुली कुठेही ओळखली असती. उजवा पाय लांब, जरासा वाकडा. पत्र शेतकरणीला होतं. जमिनीचे कागद हातात आले आहेत, असं बाईने कळवलं होतं. मोठा परत आलाय, मधली नाताळला येईल. घराला आता लाकडाची जमीन आहे. तर धाकट्यालाही पाठवावं, स्टेशनवर मी येईन. तुम्ही त्याला परमुलखात नेताना मला विचारलं नाहीत, त्याबद्दल मी काही बोलत नाही. आणि शेवटी, थंडीत त्याचा डावा कान दुखतो, तो झाकून ठेवत जावा.

तिने पोरं वाटून टाकली नव्हती. पाच वर्षं तगण्यापुरती ती इतरांकडे ठेवली होती आणि नंतर एकेक परत आणायला निघाली होती. पत्राला उत्तर गेल्याची खूण नव्हती. पोरगं तर गेलंच नव्हतं. मी त्या तळघरात खुर्चीवर बसून राहिले. मग वर येऊन वॉशरूममध्ये तोंड धुतलं. आठ महिने मी ज्या बाईला शिव्या दिल्या तिची माफी मागायची सोय नव्हती, आणि तशी ती मी मागितलीही नसती. माझा स्वभाव तसा नाही. पण तेव्हापासून मी तिला वाईट बोलले नाही.

मुख्याध्यापकांकडे मी फाइल घेऊन गेले. सगळं क्रमाने सांगितलं. नवरा, करारनामे, फोटो, पत्र. ते शांतपणे ऐकत होते. शाळेत खोडकर मुलाची सबब ऐकताना ऐकत असतील तसे.

"कष्ट बरेच घेतलेत," ते म्हणाले. "पण हे आमच्या पुस्तकात बसत नाही."

"हे खरं आहे."

"असेल. पण बघा, दीडशे माणसं येणार. कुणी व्हँकूव्हरहून, कुणी टेक्सासहून. त्यांना मी काय सांगू? आमची पणजी खोटी साक्ष देणारी होती?"

"तुमच्या पणजीने तुमच्या आजोबांना परत मागितलं होतं, हे सांगा."

"आणि भिंतीवरची ही?"

"ही तुमची कोणी नाही. हिने त्यांना परत पाठवलं नाही."

त्यांनी तसबिरीकडे बघितलं. मला वाटलं आता तरी काही हलेल. ते म्हणाले, "पण नाक बघा. आमचंच नाक आहे."

मी चहा अर्धा टाकून उठले.

संमेलनाला मी गेले, कारण त्यांनी बोलावलं आणि माझ्या कुतूहलाला लाज नाही. एका बँक्वेट हॉलमध्ये दीडशे माणसं एकाच रंगाचे टी-शर्ट घालून फिरत होती आणि प्रत्येकाच्या छातीवर ती शेतकरीण होती. मिटलेल्या ओठांची, बायबलवाली. चहाच्या मगवर ती, रुमालांवर ती, केकवर साखरेने काढलेली ती. मुख्याध्यापकांनी माइकवर लांडगा मारला, नवरा गोठवला, धाकट्याला मांडीवर घेऊन आगगाडीत बसवलं. लोकांनी डोळे पुसले. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर स्थानिक लायब्ररीतल्या एका उत्साही महिलेचे आभार होते. ती उत्साही महिला कोपऱ्यात बटाट्याचं सॅलड खात होती.

माझ्याच टेबलाशी चाकांच्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती. तिने टी-शर्ट घातला नव्हता. घडी करून, चित्र आतल्या बाजूला करून, मांडीवर ठेवला होता.

"तूच ती कागदवाली का?" तिने विचारलं. "माइकवर बोलला ना, त्याची मी थोरली बहीण. चौऱ्याऐंशी."

मी हो म्हटलं.

"काय सापडलं तुला?"

मी आधी उडवाउडवी केली. मग तिने माझ्या मनगटावर हात ठेवला, आणि मी माझ्या फोनवरचा पत्राचा फोटो उघडून तिला हळू आवाजात वाचून दाखवलं. कानाच्या ओळीशी तिने मला थांबवलं.

"आजोबांना डाव्या कानाने ऐकू येत नसे," ती म्हणाली. "मी नेहमी त्यांच्या उजवीकडे बसायचे. मी आठ वर्षांची होते ते गेले तेव्हा. त्यांनी मला सांगितलं होतं, मालकीण घोड्याच्या पट्ट्याने मारायची. एकदा कानावर बसला. ते गोठ्यात झोपायचे, गाईला पाठ लावून."

मी केककडे बघितलं. कुणीतरी शेतकरणीचा चेहरा कापत होतं.

"तुम्ही भावाला हे सांगितलं नाही?"

"तीनदा सांगितलं. तो म्हणतो, माझं डोकं ठिकाणावर नाही." ती हसली. खोटे दात जरा सरकले. "तो आजोबा गेल्यानंतर जन्मला. आमच्या वडिलांना ती तसबीर आवडायची, म्हणून मी गप्प बसले. नंतर उशीर झाला. पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. माइकवर तोवर बक्षिसं वाटणं चाललं होतं. सगळ्यात लांबून आलेला, सगळ्यात लहान, सगळ्यात म्हातारा. म्हातारीचं नाव पुकारलं गेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने हात वर केला नाही.

"आई त्यांना आठवत होती का?" मी विचारलं.

"नाही. तेच त्यांना लागायचं. ते म्हणायचे, तिने एकदा तरी मला मागितलं असेल का?" तिने चष्मा काढून टी-शर्टच्या घडीला पुसला. "मी लहान होते. मी म्हणायचे, हो, मागितलं असेलच. मला काय माहीत!"

दुसऱ्या दिवशी मी पत्राची मोठ्या अक्षरांतली प्रत काढून तिच्या केअर होममध्ये नेऊन दिली. तिने ती उशाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून घेतली आणि मला बिस्किट दिलं. त्यानंतर मी चारपाच वेळा गेले. आम्ही पत्राबद्दल फार बोललो नाही. ती मला तिच्या पहिल्या नोकरीबद्दल सांगायची, मी तिला नागपूरच्या उन्हाबद्दल. पंचेचाळीस अंश म्हटल्यावर तिला मी थापा मारतेय असं वाटायचं.

ती एप्रिलमध्ये गेली. अंत्यविधीत पाद्रीने तिच्या शूर पणजीचा उल्लेख केला, तो भावाने पुरवलेला होता हे उघड होतं. मी मागच्या बाकावर बसून दात खात होते. बाहेर आल्यावर मुख्याध्यापकांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, तिच्या ड्रॉवरमध्ये तुमचं काहीतरी होतं, नर्सने शवपेटीत घालून टाकलं, तिनेच तसं सांगून ठेवलं होतं म्हणे. काय होतं ते?

"एक पत्र," मी म्हटलं.

"तुमचं?"

"तुमचं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पलीकडच्या पाहुण्यांकडे वळले. त्या आठवड्यात मी खोक्याची रीतसर नोंद केली. फोटोखाली शेतकरणीचं खरं नाव, पत्राखाली त्या बाईचं, आणि एका वेगळ्या फाइलमध्ये म्हातारीने सांगितलेलं सगळं, तिच्याच शब्दांत. कुणीही येऊन मागावं आणि वाचावं. अजून कुणी आलेलं नाही. त्या कुळातलं तर नाहीच.